लिवाची दोन दिवसांची सहल: अमिरातीत राहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दुबई, शारजा, अबू धाबीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून लिवाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. वाळूवर गाडी घालणाऱ्यांसाठीची उत्तरं मुद्दाम सविस्तर आहेत, कारण चुका तिथेच होतात आणि त्या महागात पडतात.

लिवा म्हणजे नक्की काय? एक गाव की अख्खा प्रदेश?

दोन्ही. अबू धाबी अमिरातीच्या अल धफ्रा भागात, रुब अल खाली या महावाळवंटाच्या उत्तर काठावर, चंद्रकोरीच्या आकाराचा सुमारे १०० किलोमीटर लांबीचा हिरवा पट्टा आहे. त्यात खजुराच्या बागा आणि छोटी छोटी गावं आहेत. या सगळ्याला मिळून लिवा म्हणतात. मधलं मुख्य गाव मझैरा. बाजार, पेट्रोल पंप, हॉटेल, सगळं तिथेच. म्हणून मॅपवर नुसतं ‘लिवा’ टाकू नका. पिन कुठल्या तरी बागेच्या मागे पडते. ‘मझैरा’ टाका.

अबू धाबीचं आजचं राजघराणं मूळचं इथलंच. बनी यास टोळीचं मुख्य ठाणं १७९३ मध्ये लिवाहून अबू धाबी बेटावर हललं.

वाळवंटाच्या काठावर एवढं पाणी येतं कुठून?

वाळूखाली गोड्या पाण्याचे जुने साठे आहेत आणि टेकड्यांमधल्या सखल जागी ते फार खोल नाहीत. बागा तिथेच आहेत. त्यात आता माणसाने भर घातली आहे. समुद्राचं पाणी गोडं करून ते नळाने इथपर्यंत आणतात आणि जमिनीखालच्या थरांत मुरवून साठवतात. २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या साठ्यात सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर पाणी आहे. आणीबाणीत १० लाख माणसांना ९० दिवस पुरावं, असा त्याचा हिशेब आहे. वर बघावं तर नुसती वाळू. पायाखाली एवढं पाणी आहे हे मुलांना तिथे उभं राहून जरूर सांगा.

शनिवार-रविवारात जमतं का?

जमतं. अबू धाबीहून मझैरा सुमारे २४० किलोमीटर, अडीच तास. दुबईहून साधारण ३५० किलोमीटर, थांबे धरून चार तास. दुबईकरांनी शनिवारी सकाळी सहाला निघावं. अकराच्या आत पोचता येतं, दुपारी विश्रांती होते आणि संध्याकाळ वाळूसाठी मोकळी राहते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचा मोह होतो, पण शेवटचे १०० किलोमीटर अंधारात पडतात. ते टाळा. उंट हे त्याचं कारण, आणि त्याबद्दल पुढे आहेच.

कुठल्या रस्त्याने जायचं?

दोन रस्ते आहेत. पहिला: ई-११ महामार्गाने पश्चिमेकडे तारीफपर्यंत, तिथून डावीकडे वळून ई-४५ ने मदिनत झायेदमार्गे मझैरा. हा रुंद आणि वाटेत सोयी असलेला रस्ता. दुसरा: अबू धाबीच्या दक्षिणेकडून ई-६५ ने थेट हमीम, तिथून पश्चिमेला वळून बागांच्या कडेकडेने मझैरा. हा अंतराने बरोबरीचा, पण ओसाड आहे. देखणा मात्र हाच. हमीमपासून पुढे रस्त्याच्या एका बाजूला खजूर आणि दुसऱ्या बाजूला तांबूस टेकड्या सुरू होतात.

जाताना मदिनत झायेद, येताना हमीम, असं वर्तुळ केलं की दोन्ही बघून होतात. पेट्रोल मात्र मझैराला भरूनच परत फिरा.

दुबईहून येणाऱ्यांनी अबू धाबी बेटावर शिरू नये. ‘दर्ब’ टोलच्या कमानी बेटाच्या पुलांवर आहेत. बाहेरच्या बाहेर गेलात तर त्या पुलांवरचा टोल लागत नाही. दुबईतला सालिक मात्र लागतोच.

स्पीड कॅमेऱ्यांचं काय?

दुबईच्या सवयीने गाडी चालवणाऱ्यांना इथे दंड बसतो. दुबईत पाटीवरच्या वेगापेक्षा २० पर्यंत जास्त असलात तरी कॅमेरा सोडून देतो. अबू धाबी अमिरातीने ही सवलत ऑगस्ट २०१८ मध्ये काढून टाकली. पाटी १४० ची असेल तर १४१ ला कॅमेरा चमकतो. हद्द ओलांडली की क्रूझ कंट्रोल पाटीच्या आकड्यावर लावून टाका.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात. दिवसा २५ अंशांच्या आसपास, पण जानेवारीत पहाटे पारा १० पर्यंत आणि कधी त्याखालीही उतरतो. दुबईत स्वेटर लागत नाही म्हणून मुलांना अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर आणलं तर रात्री हाल होतात. कानटोपी, मोजे, जाड पांघरूण घ्या.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. जुलैत इथे खजुराचा मोठा उत्सव भरतो, त्यासाठी यायचं तर या, पण मंडप, गाडी आणि हॉटेल एवढंच फिरणं ठेवा. वाळूवर जाऊ नका.

डिसेंबरच्या उत्तरार्धात तल मोरीब या उंच वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी मोटारींच्या शर्यतींचा हिवाळी मेळा असतो. गर्दी, आवाज आणि हॉटेलांचे चढे भाव, तिन्हींची तयारी हवी. शांतता हवी असेल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी.

आमच्याकडे साधी सेडान आहे. जाऊन उपयोग आहे का?

पुष्कळ. बागांमधला रस्ता, जुने डागडुजी केलेले किल्ले, मझैराचा बाजार आणि तल मोरीबपर्यंतचा २५ किलोमीटरचा रस्ता, सगळं डांबरी आहे. तल मोरीब ही सुमारे ३०० मीटर उंचीची वाळूची टेकडी. तिचा उतार ५० अंशांच्या घरातला. तिच्या पायथ्याला गाडी लावून बाजूच्या धारेवरून पायी चढता येतं. समोरच्या तोंडावरून चढू नका, दोन पावलं वर आणि दीड पाऊल खाली अशी गत होते. धारेवर वाळू घट्ट असते.

लिवाचं जे पाहण्यासारखं आहे त्यातलं बहुतेक डांबरावरून दिसतं, असं आमचं ठाम मत आहे. अट एकच: चारही चाकं डांबरावर ठेवायची. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला मऊ वाळूत गाडी उतरवणं हे सेडान अडकण्याचं पहिलं कारण आहे. वारा सुटल्यावर वाळू रस्त्यावरही येते. तसा पट्टा दिसला तर आधीच वेग कमी करा, पण वाळूवर चाक असताना ब्रेक दाबू नका.

तल मोरीबला किती वाजता पोचावं?

सूर्यास्ताच्या दोन तास आधी. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेचारला. भर दुपारी सावल्याच नसतात, त्यामुळे टेकड्या सपाट दिसतात आणि फोटोत सगळं पांढरं येतं. ऊन कललं की धारा उठून दिसतात आणि वाळूचा तांबूस रंगही खुलतो. हा रंग कणांवरच्या लोहाच्या गंजाचा. किनाऱ्याकडची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे फिकट असते. येताना खिडकीतून हा फरक पाहत या.

कोरड्या दिवशी उंच टेकडीच्या उभ्या बाजूवरून वाळूचा मोठा थर घसरला तर विमान गेल्यासारखी खोल घरघर ऐकू येते. गाणारी वाळू ती हीच.

फोर-बाय-फोर आहे. वाळूवर जायला आणखी काय लागतं?

पहिली गोष्ट म्हणजे दुसरी गाडी. एकट्या गाडीने टेकड्यांत जायचं नाही. अनुभवी चालकाचाही त्याला अपवाद नाही. सामान असं: दाबमापक, बॅटरीला क्लिपने जोडायचा हवेचा पंप (सिगारेट लायटरमध्ये खुपसायचे छोटे पंप दुसऱ्या टायरला तापून बंद पडतात), फावडं, ताणला जाणारा ओढायचा दोर आणि त्याच्या कड्या, टायरच्या व्हॉल्व्हच्या दोन-चार जादा पिना (हवा सोडताना पीन वाळूत पडली की सापडत नाही), उंच काठीवर झेंडा, आणि माणशी दिवसाला ५ लिटर पाणी. झेंडा शोभेसाठी नाही. टेकडीच्या पलीकडून वर येणाऱ्या गाडीला आधी तोच दिसतो.

गाडीला लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) हवी. नुसती ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली शहरी क्रॉसओव्हर चार टेकड्यांत गिअरबॉक्स तापवून बसते. २० इंची रिम आणि पातळ टायर असतील तरी जाऊ नका. हवा कमी केल्यावर फुगायला टायरला बाजूची भिंतच उरत नाही.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

डांबरावर ३५ पीएसआय असते. मऊ वाळूसाठी १५ ते १८. हवा कमी केली की टायर पसरतो, मुख्यतः लांबीला. गाडीचं वजन मोठ्या पृष्ठभागावर वाटलं जातं आणि चाक वाळू कापत आत जाण्याऐवजी तिच्यावर तरंगतं. ‘माझ्या गाडीत ताकद आहे, हवा कशाला काढू’ म्हणणारे सगळ्यात आधी रुततात. जास्त ताकद म्हणजे जास्त वेगाने खड्डा खणणं, एवढंच होतं.

इथे एक बारीक चूक नेहमी होते. अडीच तास डांबरावर पळून आलेले टायर गरम असतात आणि मापक ३ ते ५ पीएसआय जास्त दाखवतो. तापलेल्या टायरमध्ये १५ ठेवली, तर तो निवल्यावर हवा ११-१२ वर येते आणि वळणावर टायर रिमवरून निसटतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग हवा काढा. घाई असेल तर गरम टायरला १८ च्या खाली जाऊ नका.

कमी हवेवर झटक्याने स्टिअरिंग फिरवायचं नाही आणि वेगाने डांबरावर यायचं नाही.

टेकडीवर गाडी चालवताना सर्वांत मोठा धोका कोणता?

उलटणं. उतारावर गाडी आडवी झाली की उलटते. चढताना सरळ चढा, दम संपतोय असं वाटलं तर वळू नका. तिथेच थांबा आणि आलेल्या चाकोरीवरून सरळ मागे या. उतरतानाही नाक सरळ खाली. मागची बाजू घसरून आडवी व्हायला लागली तर ब्रेक न मारता थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. पाय आपोआप ब्रेककडे जातो, तोच आवरायचा असतो.

दुसरा धोका धारेपलीकडचा. वाऱ्याच्या दिशेची बाजू निजती आणि पलीकडची एकदम उभी असते. वेगात धार ओलांडली तर गाडी हवेतून नाकावर पडते. पाठीच्या मणक्यांना होणाऱ्या दुखापती बहुतेक अशाच होतात. धारेच्या अलीकडे वेग मरू द्या आणि पलीकडचं दिसल्यावरच उतरा. म्हणूनच भर दुपारी, सावल्या नसताना, टेकड्यांत जाऊ नये. सकाळी वाळू थोडी दमट आणि घट्ट असते, ती वेळ उत्तम.

थांबायचं तेव्हा ब्रेक न लावता गाडी आपोआप मंदावू द्या आणि नाक उताराकडे करून थांबा. पुन्हा निघताना उतार मदत करतो.

गाडी रुतली. आता?

पहिल्या दोन सेकंदांत पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. चाक फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, म्हणजे तुम्ही फक्त खड्डा करताय. खाली उतरून पाहा. गाडीचं पोट वाळूला टेकलं नसेल तर हवा १२ पर्यंत उतरवा, फोर-लो (चारही चाकांना लो रेंज) लावा, स्थैर्य नियंत्रण (स्टॅबिलिटी कंट्रोल) बंद करा आणि आपल्याच चाकोरीवरून हळू मागे या. मागची वाळू तुम्हीच दाबून घट्ट केलेली असते.

पोट टेकलं असेल तर आधी खणावं लागतं. चारही चाकांच्या मागची वाळू निजता उतार करून काढा आणि पोटाखालचीही काढा. हे अर्धा तास घेतं. लोक पाच मिनिटं खणतात, गाडी चालू करतात आणि आणखी खोल जातात.

दोराने ओढायचं असेल तर दोर दोन्ही गाड्यांच्या चासीवरच्या ओढण्याच्या हुकांना लावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही लावू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा काच फोडून आत येतो आणि माणसं दगावतात. ओढताना सगळ्यांनी दोराच्या दुप्पट लांबीवर उभं राहायचं, मुलांनी तर नक्कीच.

टेकड्यांमधली पांढरी सपाट जमीन सोपी वाटते. तिथून जावं का?

सगळीकडे नाही. ती सब्खा असू शकते. वर मिठाची कडक पापडी आणि खाली चिखल. पापडी फुटली की गाडी दारापर्यंत बसते आणि दुसरी गाडी ओढायला आली की तीही बसते. जिथे चाकोऱ्या उमटल्या आहेत तिथूनच जा. पाऊस होऊन आठवडा झाला नसेल तर तिथूनही नाही.

भाड्याची गाडी वाळूवर नेता येईल का?

बहुतेक करारांत मनाई असते आणि नेली तर विमा लागू होत नाही. स्वतःच्या गाडीच्या विम्यातही ‘ऑफ-रोड’ हा शब्द आहे का ते निघण्याआधी वाचा. टेकड्यांत फिरायचंच असेल तर परवानाधारक सहल कंपनीची गाडी चालकासकट घेणं शहाणपणाचं.

आई-बाबा भारतातून आले आहेत. बाबा गाडी चालवू शकतील का?

व्हिजिट व्हिसावर असतील तर भारतीय परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं. ते भारतातच, आरटीओतून काढून आणायचं आणि एक वर्ष चालतं. रेसिडेन्स व्हिसा असलेल्याला मात्र अमिरातीचंच लायसन्स लागतं.

वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना टेकडी चढायचा आग्रह धरू नका. तल मोरीबच्या पायथ्याला घडीच्या खुर्च्या टाकून बसलं तरी संध्याकाळ तितकीच सुंदर दिसते. आणि गुडघेदुखी असलेल्यांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी पाहून ठेवा. पेट्रोल पंप आणि हॉटेल सोडलं तर भरवशाची सोय क्वचित.

धुकं खरंच एवढं वाईट असतं?

हो. हिवाळ्यात पहाटे ई-११ वर आणि मदिनत झायेदच्या रस्त्यावर पन्नास पावलांवरचं दिसेनासं होतं. वाळवंटात धुकं कसलं, असं मानून लोक वेग ठेवतात आणि एकामागून एक गाड्या आदळतात. धुक्यात रस्त्यावरच्या विजेच्या पाट्यांवर ८० ची मर्यादा झळकते आणि ती बंधनकारक असते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय ते कळत नाही. फॉग लॅम्प लावा. सगळ्यात बरं म्हणजे धुकं असेल त्या दिवशी सहाऐवजी नऊनंतर निघा.

आणि उंट?

महामार्गांना कुंपण आहे, आतल्या रस्त्यांना सगळीकडे नाही. उंटाचे पाय उंच असल्याने टक्कर झाली की धड सरळ पुढच्या काचेवर येतं. त्यामुळे ही टक्कर जिवावर बेतते. रात्री आतल्या रस्त्यांवर ८० च्या आत राहा. एक उंट रस्ता ओलांडताना दिसला तर मागून दुसरा येणार हे धरून चला.

मुक्काम कुठे करावा?

मझैरात टेकडीवरचं लिवा हॉटेल सोयीचं आणि मध्यम खर्चाचं. मदिनत झायेदजवळ तिलाल लिवा आहे. हमीमच्या बाजूला कसर अल सराब हे वाळूत वसवलेलं आलिशान रिसॉर्ट, खास प्रसंगासाठी ठीक. पण तिथून तल मोरीब लांब पडतं, हे बुकिंगआधी ध्यानात घ्या.

तंबू लावायचा असेल तर वाऱ्याच्या आडोशाला, पण उभ्या उताराच्या अगदी पायथ्याशी नको. साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि ती हातभर खोल पुरा. शेकोटी जमिनीवर न पेटवता पायांच्या शेगडीत पेटवा, राख आणि कचरा परत न्या.

तिथली झाडं तोडून जळण चालेल?

अजिबात नाही. इथलं ‘घाफ’ हे झाड कायद्याने संरक्षित आहे आणि तो अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे. मराठी माणसाला ते परकं नाही. आपण दसऱ्याला पूजतो ती शमी, राजस्थानची खेजडी, आणि हे घाफ एकच. मुळं खूप खोल जातात, म्हणून उन्हाळ्यातही हिरवं राहतं. लाकूड मदिनत झायेदहून विकत घ्या.

विंचू-साप?

आहेत, पण थंडीत फारसे बाहेर पडत नाहीत. बूट तंबूबाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला, अनवाणी अंधारात फिरू नका. जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट चमकतो. दंश झाला तर ९९८ ला फोन करा किंवा मदिनत झायेदच्या रुग्णालयात न्या. चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं नको.

शाकाहारी खायला मिळतं का?

मझैराच्या छोट्या कॅफेटेरियांत पराठा, डाळ, अंडं, करक चहा मिळतो. त्यापलीकडे फारसं काही धरून चालू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं दोन दिवस बिनधास्त टिकतं. दशमी दुधात भिजवलेली असेल तर आणखी मऊ राहते. दह्यासाठी डबा नेऊ नका, लबन (पातळ दही) कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. रमजानात दिवसा चारचौघांत खाणं टाळावं.

खजूर कुठले घ्यावे?

खलास आणि दब्बास या दोन जाती इथल्या खास. फळाच्या अवस्था ओळखायला शिका: हिरवं किमरी, पिवळं किंवा लाल आणि कुरकुरीत खलाल, अर्धवट मऊ झालेलं रुतब, पूर्ण पिकलेलं तमर. आपली खारीक म्हणजे खलाल उकळून वाळवलेला. रुतब फक्त उन्हाळ्यात मिळतो आणि बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतो. भारतात पाठवायचा असेल तर तमरच घ्या.

आकाशदर्शनासाठी कधी जावं?

घरातलं पंचांग उघडा आणि अमावास्येजवळचा शनिवार धरा. हिवाळ्यात कृत्तिका, रोहिणी, मृग डोक्यावर असतात. आकाशगंगेचा दाट भाग पाहायचा असेल तर मार्चची पहाट. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

मोबाईलला रेंज असते का?

मझैरा आणि मुख्य रस्त्यांवर असते, टेकड्यांत जाते. नकाशा आधी उतरवून घ्या. दक्षिणेला सौदीची सीमा जवळ आहे. फोन तिकडचं नेटवर्क पकडतो, म्हणून डेटा रोमिंग बंद ठेवा आणि सीमेकडे गाडी नेऊ नका. पोलिसांसाठी ९९९. वाळूत अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही.

परत आल्यावर गाडीचं काय करायचं?

डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा ३५ करा. मग घरी आल्यावर एअर फिल्टर काढून झटका, खालची बाजू पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवून घ्या (सब्खातून गेला असाल तर त्याच दिवशी, मीठ चासी खातं), चाकांचे नट घट्ट आहेत का पाहा. ब्रेकमधून करकर आवाज दोन दिवसांत थांबला नाही तर चाक काढून आतली वाळू साफ करून घ्या.